स्वतःचे वगळून

शिर्केबेननी फाइल माझ्या टेबलावर ठेवली,
म्हणाल्या, मोज. कुणाची भीड नको.
मग पंख्याखाली उभ्या राहून मान पुसली.
मे महिना. फतेगंजपासून चालत आलेल्या,
रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून बिनसलं म्हणून.

मी ग्रंथालयातला माणूस.
कुणी कुणाचं नाव कुठे घेतलं, ते मोजतो.
एकोणचाळीस शोधनिबंध, एकतीस वर्षं,
आणि विद्यापीठाचा छापील तक्ता,
ज्याच्या तळाशी बारीक अक्षरांत:
स्वतःचे उल्लेख वगळून.

वगळू लागलो.
दोन हजार तीनच्या निबंधात अठ्ठ्याण्णवचा,
अठ्ठ्याण्णवच्यात एक्क्याण्णवचा,
जसं एकटं राहणारं माणूस रात्री
स्वतःलाच मोठ्यांदा विचारतं, कडी लावली का?
सत्तेचाळीस गेले.

त्या म्हणाल्या, छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते,
लहानपणी टपोरी, म्हातारपणी नुसती चरबी.
तिथं पेशींची परीक्षा होते.
जी आपल्याच अंगावर धावून येईल
तिला तिथंच संपवतात.
शंभरातल्या चार-पाच बाहेर पडतात, फार तर.
तुझा तक्ता त्या मानाने मवाळ.

सर्वांत जास्त उल्लेख एका सहापानी टिपणाचे:
रक्ताची नळी किती वेळा, किती सावकाश
उलटीसुलटी करावी.
दोनशे बारा.
अरे, ते मनगट माझं नव्हेच, त्या हसल्या,
ते आमच्या रणछोडचं,
उतराणात भावांची फिरकी धरून धरून घडलेलं.
मी फक्त आकडे घातले.
पाहिलं, रणछोड सहाव्या पानावर होता,
आभारात, आडनाव चुकलेलं.
आभारांना तक्त्यात रकाना नाही.

एक उल्लेख ओसाकाहून, विरुद्ध:
शिर्के यांचा निष्कर्ष टिकत नाही.
हा धरू?
तो आधी धर. बाकीच्यांनी मथळा वाचला,
त्याने तिसऱ्या कोष्टकातली बेरीज करून पाहिली.
चुकली होती बेरीज.
हे त्यांनी असं सांगितलं
जसं कुणी जुन्या मैत्रिणीचं गाव सांगावं.

मग चौऱ्याण्णव.
विश्वामित्रीतल्या मगरींच्या रक्तद्रवाविषयी.
शहराची सगळी गटारं त्या पाण्यात,
त्याच पाण्यात मगरी भांडतात, पंजे तुटतात
आणि जखम पिकत नाही.
का पिकत नाही?
एवढाच प्रश्न, अकरा पानं.
वनखात्याची परवानगी आठ महिन्यांनी,
चौदा मगरी, शेपटीवर बसलेला रणछोड,
पुन्हा ओळखता यावी म्हणून
प्रत्येकीचा शेपटीवरचा एक खवला छाटलेला.

कुणीच नाही?
तुम्हीच दोनदा घेतलाय, मी म्हणालो. ते कापले.

पंख्याने तक्त्याचं एक पान उचललं
आणि परत ठेवलं.
बरं, म्हणाल्या. शून्य नीट काढ,
सहासारखं दिसतं तुझं.

संध्याकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर
कठड्याशी गर्दी. मी स्कूटर लावली.
खाली चिखलात एक मगर,
पुढचा उजवा पंजा नाही,
जिथे नाही तिथे कातडं गुळगुळीत, जुनं.
शेंगा खाणारा एक पोरगा म्हणाला, मेलीय.
कुणी टरफल फेकलं, ते पाठीवर पडून राहिलं.

मोजायची सवय.
शेपटीच्या टोकापासून खवले मोजत आलो,
एक कमी वाटला.
उजेड जात होता, चुकलंही असेल.
पुन्हा पहिल्यापासून धरलं
तोवर तिने एक डोळा मिटला, उघडला,
आणि पाणी हलू न देता
पाण्यात गेली.